माझ्या शेफील्डच्या संगिनी

मागच्या दिवाळीत आईला फोनवर सांगितलं, "अगं, माझ्या संगिनी आता चार झाल्या." तिला वाटलं, मला इथे मैत्रिणी मिळाल्या. "बरं झालं बाई, नुसती घर-ऑफिस करत होतीस," म्हणाली. मग कॅमेरा फिरवून एकेक दाखवली. पहिलीला ती गप्प बसली. दुसरीला विचारलं, "लहान पोरं येतात का गं तुझ्याकडे?"

संगीन म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाला अडकवायचं पातं, इंग्रजांचं बायोनेट. मला शस्त्रांचं वेड कधीच नव्हतं. मी धातूशास्त्राची माणूस. पुण्यात शिकले, पुढचं शिकायला इंग्लंडमध्ये शेफील्डला आले आणि इथेच एका टेस्टिंग लॅबमध्ये चिकटले. दिवसभर स्टीलचे तुकडे ताणायचे, वाकवायचे, तोडायचे आणि सर्टिफिकेटवर सही करायची, हे माझं काम. संगिनींकडे मी वळले ती अशाच एका सहीमुळे.

इथे उन्हाळ्यात रविवारी सकाळी कार बूट सेल भरतात. लोक शेतात ओळीनं गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं जुनंपानं विकतात. आपला पुण्याचा जुना बाजार डोळ्यांपुढे आणा, फक्त पायाखाली ओलं गवत आणि हातात चहाचा कागदी कप. मी बिडाचा तवा शोधत होते. एका म्हाताऱ्या बाबांच्या टेबलावर चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोडीशेजारी ही पडली होती. लाकडी मूठ, काळी पडलेली चामडी म्यान. मी उचलली तसे ते म्हणाले, "१९०७ ची आहे, लव्ह. माझ्या आजोबांची." इथे यॉर्कशरमध्ये भाजीवालासुद्धा तुम्हाला 'लव्ह' म्हणतो. पहिल्या वर्षी मी दचकायचे.

म्यानातून चार बोटं बाहेर काढली आणि मुठीजवळच्या सपाट भागावर ठसे दिसले. वर मुकुट, त्याखाली जी. आर., म्हणजे राजा जॉर्ज. त्याखाली १९०७. त्याखाली ५ आणि १७, आणि शेवटी सँडरसन. बाबांची तिथेच चूक होत होती, आणि ती बहुतेक सगळ्यांचीच होते. १९०७ हे नमुन्याचं साल. त्या वर्षी सरकारनं हा आराखडा मंजूर केला. वस्तू घडली १९१७ च्या मे महिन्यात. आणि सँडरसन म्हणजे इथलेच, शेफील्डचे.

पातं उलटं केलं. मागच्या बाजूला सरकारी मालाचा बाण, तपासनिसांचे बारीक शिक्के आणि इंग्रजी एक्ससारखी एक फुली. ही फुली कसली ते मी घरी येऊन शोधलं आणि खुर्चीतच बसून राहिले. पातं वाकवून बघायचे. सोडल्यावर ते सरळ झालं, तडकलं नाही, की फुली मारायची. बेंड टेस्ट! आदल्याच शुक्रवारी मी अशा सहा टेस्टवर सह्या केल्या होत्या. आमच्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो ना, तसं या पात्यालाही पाणी दिलेलं असतं. जास्त झालं तर काचेसारखं तुटणार, कमी पडलं तर वाकून तसंच राहणार. ते बरोबर बसलंय हे १९१७ साली या गावातल्या कुणीतरी बघितलं आणि ठोकून ठेवलं. नव्वद पौंड दिले. तवा राहिलाच.

ही १९०७ ची संगीन मुळात जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून उचललेली. पातं १७ इंच, मुठीसकट पावणेबावीस, वजन साधारण अर्धा किलो. एवढी लांब कशाला? तर इंग्रजांनी आपली ली-एनफील्ड रायफल आखूड केली होती, समोरच्या जर्मनाची लांब होती. भाल्यानं भाला अडवायचा झाला तर हात पुरला पाहिजे, म्हणून बंदुकीत कापलेलं संगिनीत भरून काढलं. पात्यावरून जी खोलगट पन्हळ जाते तिला हौशी लोक 'रक्त वाहून जायची खाच' म्हणतात. काही रक्तबिक्त नाही. पातं हलकं व्हावं आणि ताठही राहावं म्हणून ती असते. आय बीमचा, म्हणजे इंग्रजी आयच्या आकाराच्या तुळईचा, मधला भाग बारीक का ठेवतात ते सिव्हिलवाल्यांना विचारा.

सुरुवातीच्या नगांना मूठ आणि पात्याच्या मधल्या आडव्या पट्टीच्या खालच्या टोकाला आकडा असायचा, शत्रूचं पातं अडकवायला. प्रत्यक्षात तो झुडपात आणि पट्ट्यातच जास्त अडकायचा, म्हणून १९१३ मध्ये काढून टाकला, आणि आधीच्या कित्येक संगिनींचे आकडे कापले गेले. त्यामुळे आकड्याची संगीन आज महाग, आणि महाग म्हटलं की नकली आलीच. जुन्या शस्त्रांच्या एका मेळ्यात एकानं मला तिप्पट भावात आकडेवाली दाखवली. मी पर्समधलं भिंग काढलं. आकड्याच्या मुळाशी धातूचा पोत बदललेला, वेल्डिंगची उष्णता लागल्यावर बदलतो तसा. मी काही बोलले नाही, भिंग त्याच्याच हातात दिलं. त्यानं बघितलं, परत दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसरी संगीन पंधरा पौंडांची, आणि सगळ्यात कुरूप. दुसऱ्या महायुद्धातली. मूठ नाही, धार नाही. आठ इंचाचा नुसता गोल खिळा आणि त्याला म्यान म्हणून लोखंडी नळी. सैनिक तिला डुकरं भोसकायची सळई म्हणत. १७ इंची पात्याचा थाट संपून हिशेब सुरू झाला की अशा वस्तू तयार होतात. माझ्या खिळ्यावर एन ६७ असा ठसा आहे. युद्धकाळात कारखान्यांची नावं लपवायला संकेत दिले होते. एन म्हणजे उत्तरेकडचा, आणि ६७ म्हणजे स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला असलेला सिंगरचा कारखाना. हो, तेच सिंगर. आजीच्या माजघरात पायानं चालवायचं काळं मशीन होतं, सोनेरी वेलबुट्टीचं, त्यावर हेच नाव. त्यावर तिनं माझी झबली शिवली. त्याच कंपनीनं हे खिळे लाखांनी काढले. ही संगीन मी कपाटात शिलाईच्या डब्याशेजारी ठेवते. नवऱ्याला हा विनोद अजिबात आवडत नाही.

तिसरीची हकिगत जरा दुखरी आहे. १८५३ च्या नमुन्याची तीनधारी संगीन, नळीवर कड्यानं अडकवायची. एनफील्ड रायफलीची, म्हणजे ज्या रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ साली पेटलं तीच. पातं ठीकठाक होतं, पण म्यान मूळची होती आणि ते दुर्मीळ. चामडं वाळतं, आकसतं, मागची शिवण उसवते. पोलाद शंभर वर्षं टिकतं आणि म्यान पन्नासात मोडते. हिच्या म्यानेला तोंडाशी आणि टोकाला पितळ होतं, दीडशे वर्षांच्या हातांनी चॉकलेटी झालेलं. याच रंगाचे संग्राहक पैसे मोजतात.

आई जुलैत सहा आठवडे आली होती. एका गुरुवारी मी लॅबमधून घरी आले तर देव लखलखीत, समई लखलखीत, आणि खिडकीत उन्हाला ठेवलेली म्यानही लखलखीत. "किती कळकट ठेवलं होतंस गं," आई म्हणाली, "अर्धी वाटी चिंच गेली." पितळ चकाकत होतं. चामडं चिंचेच्या पाण्यात भिजून उन्हात कडक झालं होतं आणि शिवण वीतभर उघडली होती. मी म्हटलं, "छान झालंय." आईला हे अजून माहीत नाही, तिला हा ब्लॉग कुणी वाचून दाखवू नका.

तेव्हापासून पातं आणि म्यान मी वेगवेगळी ठेवते. तसंही तेच शहाणपणाचं. चामडं कमावताना वापरलेल्या आम्लांनी आतल्या आत पात्याला गंज चढतो, आणि पितळेला चामडं लागलं की हिरवट मेणचट मळ साचतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्याकडे एका म्यानात एकही राहत नाही.

माझ्या बाबांचा आक्षेप वेगळा आहे. "ज्यांनी आपल्यावर रोखल्या, त्यांच्या गोळा करतेस?" त्यांना मी पटेल असं उत्तर देऊ शकलेले नाही. एवढंच सांगितलं की या आपल्या माणसांच्या हातातही होत्या. १९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्सच्या मार्सेल्स बंदरात उतरली आणि तिला तिथे नव्या रायफली मिळाल्या. २८ ऑक्टोबरला उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल नावाच्या खेड्यावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर चढाई केली ती खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी. आपल्या खडकीच्या! सॅपर म्हणजे पूल बांधणारा, खंदक खणणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्यांना रायफलीला संगिनी लावून गल्लीबोळांत घरोघर लढायला पाठवलं. गाव घेतलं, पण मदत न आल्यानं सोडावं लागलं. त्यांचे इंग्रज अधिकारी जवळजवळ सगळे मेले किंवा जखमी झाले. शिपायांचे हाल विचारूच नका.

मी आणि नवरा पॅरिसला गाडीनं जाताना तिथे थांबलो. सपाट शेतं, बीटरूटचे ढीग आणि मध्येच गोल भिंतीचं स्मारक, उंच खांबावर कमळ. भिंतीवर साडेचार हजारांहून जास्त नावं. सॅपर्स अँड मायनर्सच्या मथळ्याखालची मी मोठ्यानं वाचायला लागले. नवरा म्हणाला, हळू. आजूबाजूला कुणीच नव्हतं.

गंमत म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या इंग्रज जखमींच्या नोंदींत संगिनीचे घाव अर्धा टक्कासुद्धा भरत नाहीत. माणसं मेली ती तोफांनी आणि मशीनगननं. संगीन डबे फोडायला, जळण फोडायला आणि पाव भाजायला वापरली गेली. माझ्या सँडरसनच्या टोकाला किंचित निळसर झाक आहे. त्यावर कुणीतरी टोस्ट केला असावा असं मला वाटतं, आणि लॅबमध्ये नेऊन तपासायचं मी मुद्दाम टाळते.

हे सगळं वाचून कुणी विचारेलच, तिकडे हे चालतं का? घरात ठेवायला प्रौढ माणसाला हरकत नाही, पण सबळ कारणाशिवाय रस्त्यानं घेऊन फिरलात तर गुन्हा. म्हणून विकत घेतली की बबल रॅप, चिकटपट्टीचे चार वेढे, पिशवीच्या तळाशी आणि थेट घरी. वाटेत दुधालासुद्धा थांबायचं नाही. आणि भाचेमंडळी, "एक आण ना" म्हणणं सोडा. भारतात शस्त्र कायद्याखालच्या वर्गवारीत तलवार-खंजिराबरोबर संगिनीचंही नाव आहे. कस्टमच्या साहेबाला मी बेंड टेस्टचं महत्त्व पटवत बसणार नाही.

चौथी मिळाली गेल्या ऑक्टोबरात, लीड्सजवळच्या एका मेळ्यात. विकणाऱ्यानं ती टेबलाखालच्या खोक्यात टाकली होती. "कापलेली आहे, म्हणून पस्तीस." खरंच, पातं १२ इंचच होतं, आणि पन्हळ टोकाच्या जवळ जाऊन भिडली होती, म्हणजे लांब पातं मागाहून आखूड केलेलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात अशा कापत, जंगलातल्या लढाईला लांब पातं अडचणीचं म्हणून. ठसा बघितला. मुकुट, आणि खाली जी. आर. नाही, जी. आर. आय. शेवटचा आय इंपेरेटरचा, म्हणजे हिंदुस्थानच्या बादशहाचा. शेफील्डच्या पात्यावर तो नुसता राजा. खाली आर. एफ. आय.: रायफल फॅक्टरी, इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठी. मधला एफ नीट उमटलेला नाही. हातोडा तिरका पडला असणार.

त्या रात्री ती मामाला दाखवली. मामा त्र्याऐंशीचा. १९६१ ला बेळगावला मराठा पलटणीत भरती झाला तेव्हा थ्री नॉट थ्रीच, म्हणजे हीच ली-एनफील्ड रायफल होती. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडून ठसे वाचून दाखवत होते, मुकुट, बादशहा, इशापूर. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून तो फोनच्या पडद्याला नाक लावून बसला होता.

"मुठीकडनं दाखव. खटका दाब."

दाबला. अडकला.

"परत दाब."

अर्धवट आत गेला आणि तिथेच राहिला.

"तेल घाल," मामा म्हणाला. "दोन थेंब. पात्याला नको, आत खाचेत घाल. आणि काडीनं माती काढ आधी, आमचा उस्ताद तिथंच बघायचा."