डब्ल्यू.ओ. सापडला (आणि तो डब्ल्यू.ओ. नव्हताच)

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी वैतागून लिहिलं होतं ना की हा चांदीचा दुधाचा जग आता शोकेसमध्ये ठेवतो आणि विषय बंद? तर विषय परत उघडलाय. आणि स्वतःलाच दोन ठेवून द्याव्याशा वाटतायत.

तोच तो, नागाच्या हँडलचा, कॅम्पातल्या एका जुन्या घराचं सामान निघालं तेव्हा घेतलेला, अंगभर कच्छी वेलबुट्टी आणि बुडाला बनवणाऱ्याच्या आद्याक्षरांचा ठसा, डब्ल्यू.ओ. तीन महिने मी या डब्ल्यू.ओ.च्या मागे होतो. कलकत्त्याचे सगळे इंग्रज चांदीवाले साहेब पालथे घातले, हॅमिल्टन, पिटर, लॅटी, कुक अँड केल्वी, मग मद्रासचे ऑर आणि गॉर्डन, मुंबईचे लंड अँड ब्लॉकली, कुठेच नाही. इंग्लंडसारखं इथे चांदी तपासून शिक्के मारणारं सरकारमान्य ऑफिस (assay office) नव्हतं, त्यामुळे शहराचा शिक्का नाही, वर्षाचं अक्षर नाही, सिंह नाही, ज्याला जे वाटलं ते त्याने मारलं, हॅमिल्टनने तर हत्तीच मारला. म्हणजे हातात फक्त ती दोन अक्षरं. शेवटी मी ठरवूनच टाकलं की हा कोणीतरी छोटा युरोपियन दुकानदार, कच्छी कारागिराकडून माल करून घेऊन स्वतःचा ठसा मारणारा, आणि त्यावर दीड पान थिअरीसुद्धा लिहिली होती इथे. ती कृपया विसरा.

एक गोष्ट तेव्हाही खुपत होती. दोन अक्षरांमधला टिंब खाली नव्हता, वर होता. मी म्हटलं ठसा मारायचा पंच झिजला असेल, सोडा.

रविवारी डायनिंग टेबलवर जग उपडा ठेवून मोबाईलचा टॉर्च आडवा मारून फोटो काढत होतो. समोर मुलगी अभ्यास करत होती. मान न उचलताच म्हणाली, "बाबा, यावर ओम का लिहिलंय?"

मी म्हटलं ओम कुठे दिसला तुला. मग उठून तिच्या बाजूला गेलो आणि तिथेच खुर्ची ओढून बसलो.

ओ.एम. टिंब खाली, जिथे असायला पाहिजे तिथे. गोल बुडाला वर-खाली नसतंच हो, मी पहिल्या दिवशी हँडल उजवीकडे धरून वाचलं आणि तीन महिने तसंच धरून बसलो. एम उलटा केला की डब्ल्यू. भुजचा उमरशी मावजी, कच्छच्या महारावांचा चांदीकार! नाव उमरशी असलं तरी इंग्रजीत ते दोन ओंनी लिहायचे, म्हणून यू नाही, ओ. आणि हे मला माहीत होतं, हे जास्त लागतं.

आता लगेच नाचू नका, मी नाचून झालोय. ओ.एम.च्या नकला किती फिरतात तुम्हाला माहितीच आहे. भिंगाखाली बघितलं तर अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत, तळाला ओतकामात येतात तसे बारीक खड्डे नाहीत, म्हणजे साच्यातून उतरवलेला ठसा नाही, ठोकलेला आहे. (भिंगाबद्दल एकदाच सांगतो, ते ऑनलाइन मिळणारं ४०एक्सवालं घेऊ नका, कडेला सगळं इंद्रधनुष्य दिसतं. साधं १०एक्स ट्रिपलेट, म्हणजे तीन काचा जोडलेलं, घ्या, दुप्पट पैसे गेले तरी चालेल.)

मग सराफाकडे कस लावायला गेलो, सोबत राणीछाप रुपया नेला होता, कारण त्याची चांदी ९१.७ टक्के हे पक्कं असतं. कसोटीवर दोन्ही रेघा जवळजवळ सारख्या. पण त्याने काय सिद्ध होतं, नकली करणाराही चांगली चांदी वापरू शकतो. खरी मजा नंतर झाली. बुडाच्या कडेला जे खरवडलेलं होतं, ज्याला मी "१७११, बहुतेक इन्व्हेंटरी नंबर" म्हणून यादीत टाकलं होतं, ते म्हाताऱ्या सराफांनी चष्मा वर सारून एका सेकंदात वाचलं. "साडेसतरा." सतरा आणि पुढे दोन उभ्या रेघा, जुन्या वह्यांमधला अर्धा! काट्यावर टाकला तर २०३ ग्रॅम. साडेसतरा जुन्या तोळ्यांचे (११.६६ ग्रॅमचा एक) होतात २०४. एक ग्रॅम पॉलिशमध्ये गेला असणार, आणि त्यातला थोडा मीच घालवलाय सुरुवातीला, कबूल. ते कोणी आणि कधी कोरलं हे यावरून ठरत नाही, पण त्यानंतर हँडल किंवा बूड बदललेलं नाही एवढं तरी म्हणता येईल ना?

खरं तर पुढचा प्लॅन जग बाजूला ठेवून त्या चमच्यांच्या सेटकडे वळायचा होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, हँडलच्या झाळकामावर सराफांचं धातू तपासायचं मशीन लावून बघायचं. सोन्यात ते केडीएम, म्हणजे कॅडमियमची झाळ, असायचं तसं इथेही झाळेत कॅडमियम निघालं तर काम अलीकडचं, नाहीतर निदान नंतरची दुरुस्ती. नाही निघालं तर पुरावा नाही, पण झोप लागेल. ते मशीन सांध्याच्या एवढ्या बारीक जागेवर नीट रीडिंग देईल का, कोणी करून बघितलंय?

आणि ज्यांच्याकडे ओ.एम.सोबत भुज असाही ठसा असलेली वस्तू आहे त्यांनी प्लीज आडव्या उजेडात, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून एक फोटो टाका. माझ्या ठशाची रुंदी उद्या मोजून टाकतो. सरळ धरून.