आजीचे मापटे

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, जिथे पावसाची वाट पाहण्यातच अर्धे वर्ष जाते, तिथे माझ्या आजीचे माळवदाचे घर होते. स्वयंपाकघरात छतातल्या झरोक्यातून उजेडाचा एकच पट्टा उतरत असे आणि तो सकाळी कणगीवर, दुपारी उतरंडीवर आणि कलत्या दुपारी चुलीपाशी येत असे. आजीच्या घरातल्या पुष्कळ वस्तू मला आठवतात, पण तिची आठवण येते तेव्हा तिच्या हातात नेहमी धान्य मोजायचे एक पितळी मापटे असते. त्याचा तळ एका बाजूने चेपलेला होता आणि काठ इतका झिजला होता की बोट फिरवले तर धार लागावी.

आजीला अक्षरओळख नव्हती, परंतु तिचा हिशेब कधी चुकला नाही. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी आणि दोन अडशिऱ्यांची पायली, अशी तिची सारी मोजणी दुपटीने वर चढत असे आणि निमपटीने खाली उतरत असे. म्हणजे एका पायलीत चौसष्ट निळवी. जुन्या रुपयाचे आणे सोळा आणि प्रत्येक आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयातही पैसे चौसष्टच. बाजारातला रुपया आणि घरातली पायली तिच्या डोक्यात एकाच साच्यात बसलेली होती, आणि ज्याचे दोन भाग करता येतात ते सारे तिला मोजता येत होते. पुढे १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला. दुकानात तिने दोन्ही स्वीकारले, पण कणगीपाशी मापटेच चालू राहिले. मी १९८० च्या सुमारास सुट्टीला तिथे जात असे तेव्हाही चालूच होते.

मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, हे मी तिच्याकडून शिकले. कणगीच्या तळाशी असलेल्या भोकातला बोळा काढला की शाळू खळकन सुपात येई, मग ती मापटे भरून पाटीत ओती आणि म्हणे, लाभ, दोन, तीन. एकदा मी 'एक' म्हणून सुरुवात केली तेव्हा तिने माझा हात धरून मापटे पुन्हा कणगीत रिकामे करायला लावले. "पोरी, धान्याला एक म्हनू नये. लाभ म्हन, मग पुढचं आपसूक येतं." तिच्या आवाजात राग नव्हता, पण ते काम नव्याने केल्यावाचून पुढे सरकणे तिला मान्य नव्हते.

शेजारणीला उसने द्यायचे असले तर मापटे शिगोशीग, म्हणजे काठावर रास चढेल असे भरायचे आणि परत घेताना काठोकाठ भरले तरी पुरे म्हणायचे, हा तिचा नेम होता. बलुत्यासाठी दारात आलेल्या माणसालाही तिने शिगेचेच माप घातले. त्या व्यवस्थेत कोणी कुठे उभे राहायचे हे जन्माने ठरलेले होते, आणि ते मला आज विसरता येत नाही. तिच्या हातून होईल तेवढे ती करत होती, एवढेच मी म्हणेन.

घरात दहा माणसे होती आणि रोजचे दळण अडशिरीचे. पहाटे आजी आणि थोरली काकू समोरासमोर बसून एकच खुंटा दोघींनी धरत, एक जण जात्याला घास घाली आणि ओवी सुरू होई. झोपेत ऐकलेला तो आवाज मला आजही नेमका आठवतो, शब्द मात्र आठवत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. आमच्या गावी त्या वेळी कोणी आले नाही आणि आम्हा नातवंडांना लिहून घेण्याचे सुचले नाही, याची हळहळ कमी होत नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मात्र जाते सुटले म्हणून आजीला मुळीच वाईट वाटले नाही. तिच्या तळहातावरचे घट्टे पाहिलेल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

मापट्याची खरी कसोटी १९७२ च्या दुष्काळात लागली. त्या वर्षीची हकीकत मला आत्याने सांगितली. शाळू हाती आला नव्हता, घरातली मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, तिथे सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. आजी एरवीही दळण मोजून झाले की त्यातली एक मूठ काढून उतरंडीच्या वरच्या गाडग्यात टाकत असे, आणि त्या मुठींवर त्या घराने पावसाळ्यापर्यंतचे काही आठवडे काढले. पण त्याआधीच, कोणाला न सांगता, तिने मापट्याच्या जागी चिपटे घेतले होते. भाकऱ्यांची संख्या तिने कमी केली नाही, भाकरीचा घेर कमी केला. मुलांनी ताटात पाहिले तर रोजच्याइतक्याच भाकऱ्या दिसाव्यात, एवढी तिची इच्छा होती. आत्या तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला ते चिपटे दिसले, आजीने नजरेनेच गप्प राहा म्हटले, आणि त्या दिवसापासून आत्याही 'पोट भरलं' म्हणून अर्धी भाकरी धाकट्या भावाच्या ताटात सरकवू लागली.

आजी गेल्यानंतर घराची वाटणी झाली. कणगीला वाळवी लागली होती, उतरंडीतली गाडगी कोणी नेली नाहीत, जाते अंगणात पालथे पडून आहे. मापटे आत्याने मागून घेतले, कारण आजी याच मापावरून उंबरठा ओलांडून त्या घरात आली होती आणि तिच्यानंतर घरात आलेल्या सगळ्या सुनाही. दोन वर्षांपूर्वी आत्याच्या नातवाचे लग्न झाले. सजवलेले माप बाजारातून आणून ठेवलेले होते, पण गृहप्रवेशाच्या वेळी आत्याने ट्रंकेतून चिंचेने घासून लखलखीत केलेले मापटे आणले आणि तांदळाने शिगोशीग भरून उंबऱ्यावर ठेवले. नव्या सुनेने पायाने माप लवंडले, तांदूळ घरभर पसरला, फोटो निघाले, मंडळी आत गेली. आत्या उंबऱ्यापाशी बसून दाणे गोळा करत राहिली. मीही तिच्याजवळ बसले. फरशीच्या सांध्यातले दाणे तिने नखाने काढले, मापटे भरत आणले, आणि ते अगदी काठाला लागल्यावर डब्यातली आणखी एक मूठ वर घातली.