धुण्याचा दगड

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या एका खेड्यात आठवडाभर राहायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या घरातल्या वॉशिंग मशीनने मान टाकली. इन मीन दोनशे वस्तीचं गाव. एक चर्च, कुलूप लागलेली बेकरी, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला स्तंभ. त्यावर एकच आडनाव तीनदा. मेकॅनिक सोमवारी येणार होता. कोणत्या सोमवारी, ते कोणी सांगितलं नाही.

म्हणून संध्याकाळी मोज्यांची पिशवी घेऊन उताराने लाव्वारवर गेले. लाव्वार म्हणजे गावाचा धुण्याचा हौद. चारी बाजूंनी कौलारू छप्पर आत उतरतं आणि मधोमध आभाळ उघडं, आपल्या वाड्यातल्या चौकासारखं. काठाचे दगड पाण्याकडे कललेले आणि इतके झिजलेले, की हात फिरवला तर साबणाची वापरलेली वडीच वाटावी. कडेला जिरेनियमच्या कुंड्या आणि एक पाटी : 'छोटा वारसा'. किल्ले आणि कॅथेड्रलं हा अर्थातच मोठा वारसा. सप्टेंबरातल्या वारसा-दिनांना लोक हे हौदही बघायला येतात.

असे हौद फ्रान्सभर आहेत. जवळच्या तोनेर गावात तर एका खोल, निळ्याहिरव्या झऱ्याभोवती १७५८ साली गोल हौद बांधलाय. पण खेडोपाडी ते पोचले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. कॉलऱ्याने हात दाखवल्यावर सरकारला स्वच्छता आठवली आणि १८५१च्या कायद्याने सार्वजनिक न्हाणीघरं नि धुण्याच्या जागा यांसाठी सहा लाख फ्रँक बाजूला काढले.

घरचं मोठं धुणं मात्र वर्षातून एकदोनदाच निघे. तेवढं पुरायला लग्नातच डझनांनी चादरी मिळत. कोपऱ्यात लाल दोऱ्याने आद्याक्षरं भरलेली; आपला धोबी काळ्या शाईने खूण करतो तीच युक्ती, फक्त हौसेने केलेली. धुणं तीन दिवस चाले, आणि काही भागांत त्या दिवसांना नावंही होती. पहिला पापक्षालनाचा : कपडे भिजत. दुसरा नरकाचा : चादरींनी भरलेल्या लाकडी पिंपावर फडक्यात राख, तिच्यावर कढत पाणी, खालून निथळलेलं पुन्हा तापवून पुन्हा वर, असं दिवसभर. ओकची राख चालत नसे, डाग पडत. तिसरा दिवस स्वर्गाचा : हौदावर धोपटणं, खळबळणं आणि गवतावर वाळत घालणं. वाकून वाकून ज्यांची कंबर गेली, त्यांना विचारून हे नाव ठेवलं असेल असं वाटत नाही.

आणि शेवटच्या पाण्यात नीळ! आजोळच्या बादलीतली ती निळी पुरचुंडी इथेही होती. झाँ-बातिस्त गिमे यांनी १८२६च्या सुमारास कृत्रिम निळा रंग शोधला आणि पुढे ल्योंजवळ कारखाना काढला. चादरींच्या त्या निळीवर घर गब्बर झालं. मुलगा एमिल जपान, चीन करत भारतातही येऊन गेला, मूर्ती जमवत राहिला. पॅरिसचं गिमे संग्रहालय (१८८९) त्याचंच. तिथल्या बुद्धाच्या शांत चेहऱ्यासमोर मी पूर्वी उभी राहिले होते, तेव्हा नीळ डोक्यातही आली नव्हती.

मोजे घासत असताना पलीकडच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या. फ्रेंच शिकलेली पुतणी सोबत होती म्हणून निभावलं. आजी लहानपणी आईबरोबर इथे येत. बसायला तीन बाजूंनी बंद असं लाकडी खोकं, गुडघ्यांखाली पेंढा. जानेवारीत आधी बर्फ फोडायचा, मग बोटं बधिर होईपर्यंत खळबळायचं. पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कुंड्यांवर मात्र बोलल्या : तिथे टोपल्या ठेवायची जागा होती.

मग जागांचं सांगू लागल्या. झऱ्याचं पाणी पडतं त्या तोंडाशी सगळ्यात स्वच्छ पाणी, तिथे जुनी घरं. खाली खाली येत शेवटच्या दगडावर, सगळ्यांच्या फेसात, नवी सून नाहीतर बाहेरून आलेलं बिऱ्हाड. त्यांची आई बाहेरगावची होती.

"मग तुमचा दगड कुठला?" मी पुतणीकरवी विचारलं.

आजींनी काठीने दाखवला. मी नेमकी त्याच्यावरच बसले होते.

त्या हसल्या, वरच्या तोंडाकडे काठी नाचवत काहीतरी म्हणाल्या.

"काकू," पुतणी म्हणाली, "वर जा म्हणतायत. आता तिथे कोणी नसतं."