नव्या पाण्यातला जोडीदार

रविवार, रात्र

घर बदलून आज तीन आठवडे झाले. बाकीची सगळी खोकी केव्हाच रिकामी झाली, परंतु डायव्हिंगच्या साहित्याची पिशवी आजपर्यंत दाराशेजारी तशीच पडून होती. संध्याकाळी ती उघडली, टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरच्या नळ्या वाकवून कुठे भेगा पडल्या आहेत का ते पाहिले, मास्कची जीर्ण झालेली पट्टी बदलली आणि बुड्यांच्या नोंदींची वही, म्हणजे लॉगबुक, घेऊन बसले. शेवटची नोंद ४६व्या बुडीची आहे आणि तिला अकरा महिने उलटून गेले आहेत. या ४६ बुड्यांपैकी ३१ बुड्या मी एकाच व्यक्तीबरोबर मारल्या, हे आजवर कधी मोजले नव्हते. पानामागून पान उलटावे, तर तळाशी तीच सही.

इथे पाणी आहे, हे येण्यापूर्वीच ठाऊक होते. समुद्र दीड तासावर आहे आणि एका बंद पडलेल्या दगडखाणीत साठलेला खोल तलाव त्याहून जवळ आहे. म्हणून भेटेल त्या माणसाला मी एकच प्रश्न विचारत राहिले, की इथली सर्वांत सुंदर जागा कोणती. उत्तरे भरपूर मिळाली, परंतु त्यांपैकी एकाही जागी माझ्याबरोबर उतरणारे कोणी नसल्यामुळे त्या उत्तरांचा उपयोग शून्य होता. लॉगबुकातल्या सह्या पाहताना आज लक्षात आले की मी शोध उलट्या टोकाने सुरू केला आहे. जागा नकाशावर सापडतात. पाण्याखाली ज्याच्या टाकीतल्या हवेवर आपला हक्क असतो आणि आपल्या हवेवर ज्याचा तितकाच हक्क असतो, असा माणूस मात्र नकाशावर सापडत नाही.

एकटीने उतरावे, हा विचारही मनात येऊन गेला. परंतु एकट्याने बुडी मारण्याचे शिक्षण देणाऱ्या पाडी संस्थेच्या ‘सेल्फ-रिलायंट डायव्हर’ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळण्यासाठीसुद्धा किमान १०० बुड्यांची नोंद लागते, आणि तिथला पहिला धडा हवेचा दुसरा, स्वतंत्र साठा बाळगण्याचा असतो. माझ्याजवळ दोन्ही नाहीत, तेव्हा तो विचार मी तिथेच सोडून दिला.

बुधवार

आज रजा घेऊन दोन डायव्ह सेंटरांमध्ये जाऊन आले. पहिल्या ठिकाणी स्वागत उत्तम झाले. माझे कार्ड पाहून त्यांनी क्रमांक उतरवून घेतला आणि येत्या शनिवारी २८ मीटरवरच्या जहाजाच्या बुडीसाठी माझे नाव लगेच लिहून टाकले. शेवटची बुडी केव्हा मारली, कोणत्या पाण्यात मारली, याची चौकशी कोणीही केली नाही. माझे कार्ड ‘ॲडव्हान्स्ड’चे आहे, म्हणजे ३० मीटरपर्यंत जाण्याचे शिक्षण मी घेतलेले आहे, हे खरे. परंतु ते शिक्षण मी केव्हातरी पूर्ण केले एवढेच कार्ड सांगते. अकरा महिन्यांच्या खंडानंतर माझे हात अजून तितक्याच सहजतेने चालतात की नाही, हे त्यावर लिहिलेले नसते. नाव काढून घ्यायला मला थोडा संकोच वाटला, तरी मी ते काढून घेतले.

दुसऱ्या ठिकाणी प्रश्नांची सरबत्तीच झाली. शेवटची बुडी केव्हाची, किती खोल, पाणी किती थंड होते, वेटसूट किती मिलिमीटरचा वापरता, टाकीत साधारण किती हवा उरवून वर येता, कानाचा त्रास कधी झाला आहे का. इतक्या प्रश्नांचा राग येण्याऐवजी मला हायसे वाटले. मग मीही माझे प्रश्न विचारले. एका प्रशिक्षकाबरोबर किती जण पाण्यात उतरतात? प्राणवायूचा संच किनाऱ्यावर नेला जातो की दुकानातच राहतो? अपघात झाला तर दाबकक्ष (पाणबुड्यावर वाढीव दाबात उपचार करण्याची खोली) असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथपर्यंत नेण्याची व्यवस्था कोण करतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न देता त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. जाता जाता मी टाक्या भरणाऱ्या काँप्रेसरची हवा ओढणारी नळी कुठे उघडते तेही पाहून घेतले. ती गाड्या उभ्या राहतात त्या बाजूपासून दूर, उंचावर होती. इंजिनाचा धूर त्या नळीत गेला तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत भरला जातो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, म्हणून ही एक गोष्ट मी कुठेही गेले तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

‘ओळखीचे कोणी नसेल तर आधी तरणतलावात उजळणीला या. जोडीदार शोधणारे सगळे तिथेच येतात,’ असे निघताना त्यांनी सांगितले. इतके दिवस कोणीतरी हे एक वाक्य सांगायला हवे होते.

शनिवार

उजळणी झाली. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर हात मागे नेऊन परत मिळवणे, हवा संपल्याची खूण करून जोडीदाराच्या राखीव रेग्युलेटरमधून श्वास घेणे. तीन मीटर पाण्यातही पहिल्या मास्कच्या वेळी छाती धडधडली. दुसऱ्या वेळी कमी आणि चौथ्या वेळी मुळीच नाही.

राखीव रेग्युलेटरच्या सरावासाठी मला ज्यांच्याबरोबर जोडीला लावले, त्या बाई साठीच्या आसपासच्या असाव्यात. त्या फार बोलत नाहीत. सराव संपल्यावर काठावर बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या अनुभवाचा नव्हे, तर माझ्या हवेचा होता: ‘तुम्हाला मिनिटाला किती लिटर लागते?’ बहुतेक पाणबुडे हा आकडा लपवतात, किंवा थोडा कमी करून सांगतात. मी खरा सांगितला, पृष्ठभागावर सुमारे २० लिटर. त्यांचा १४ निघाला. मग आम्ही तिथेच हिशेब मांडला. ११ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचे एकक) भरली आणि ५० बार राखून ठेवले, तर वापरायला १६५० लिटर हवा मिळते. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणून २० मीटरवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा खर्च होते. तिथे माझी हवा २७ मिनिटे पुरेल आणि त्यांची ३९. ‘म्हणजे बुडी तुमच्या घड्याळावर चालेल,’ त्या सहजपणे म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता. पूर्वी काही जोडीदारांबरोबर मला हीच गोष्ट सतत खटकत असे. आपल्यामुळे त्यांची बुडी लवकर संपते, या ओझ्याखाली मी दाब कमी झाल्याचे सांगायला उशीर करत असे. ते किती चुकीचे होते, हे आज त्या एका वाक्यानंतर मला स्पष्ट दिसले.

रविवार, उशिरा

खाणीच्या तलावावर आमची पहिली बुडी झाली. हे सविस्तर लिहून ठेवायचे आहे.

ठरले होते ते एवढेच: १२ मीटरपेक्षा खोल जायचे नाही, काठाचा खडक उजव्या हाताला ठेवून जायचे आणि १२० बारला परत फिरायचे. गोड्या पाण्यात तरंगण्याचा जोर समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असतो, म्हणून कमरेच्या वजनाच्या पट्ट्यातले दोन किलो शिसे आधीच काढून ठेवले. मग एकमेकींची तपासणी केली. बीसीडीत, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटात, हवा भरून आणि सोडून पाहिली, वजनाचा पट्टा कोणत्या हाताने सुटतो ते पाहिले, बकले मोजली. माझ्या रेग्युलेटरमधून श्वास घेताना त्यांची नजर दाबमापकाच्या काट्यावर होती, कारण टाकीची झडप पूर्ण उघडलेली नसेल तर तो काटा श्वासाबरोबर हलतो. त्यांनी ती नजर टाकली नसती तरी माझ्या लक्षात आले नसते. टाकली, म्हणून मला त्या आवडल्या.

खुणांवरही बोललो आणि ते बरे झाले. टाकी अर्धी झाली हे सांगण्यासाठी मी दोन्ही हातांनी आडवी-उभी रेघ करते, त्या मात्र दाबाचा आकडा बोटांनी दाखवतात. आम्ही आकड्यांची पद्धत ठरवली.

सहा मीटरखाली पाणी एकाएकी थंड झाले आणि दृश्यता जेमतेम चार मीटर उरली. अकराव्या मिनिटाला खडकाच्या एका कपारीत गोड्या पाण्यातला स्पंज दिसला, फिकट हिरवा, बोटासारखे फाटे फुटलेला. मी तो आधी कधीही पाहिलेला नव्हता. त्याच्यावर प्रकाश टाकून मी पाहत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, बहुधा दहा सेकंद. मान वळवली तेव्हा त्या शेजारी नव्हत्या.

अशा वेळी काय करायचे, ते ठरलेले असते: एका मिनिटापेक्षा जास्त शोधायचे नाही आणि मग सावकाश वर यायचे. परंतु ते मिनिट किती लांब असते, हे प्रत्यक्ष मोजल्याशिवाय कळत नाही. मी जागच्या जागी एक पूर्ण फेरी घेतली, वर पाहिले, खाली पाहिले, त्यांच्या बुडबुड्यांची माळ कुठे दिसते का ते शोधले. पंचेचाळिसाव्या सेकंदाला मनात आले, की आणखी थोडे पुढे जाऊन पाहावे, त्या नक्कीच खडकाच्या वळणापलीकडे असतील. तो मोह फार मोठा होता. मी गेले नाही. मिनिट संपताच वर निघाले, मिनिटाला नऊ मीटरच्या गतीने, मनगटावरच्या डायव्ह संगणकावर डोळा ठेवून, आणि पाण्याबाहेर डोके काढले तेव्हा माझ्यापासून पंधरा-एक मीटरवर त्यांचे डोके नुकतेच वर येत होते.

त्याही एक मिनिट थांबल्या होत्या आणि त्याही पुढे गेल्या नव्हत्या. हे समजले तेव्हा मला जे वाटले, त्याला विश्वासाखेरीज दुसरा शब्द नाही. आमच्यापैकी एक जण जरी खाली रेंगाळली असती, तरी दुसरी वर येऊन एकटीच वाट पाहत राहिली असती आणि मग खरी भीती सुरू झाली असती. पाण्यातच तरंगत आम्ही बोललो. मी थांबण्यापूर्वी प्रकाशाने खूण केली नाही, ही माझी चूक मी सांगितली. दृश्यता इतकी कमी असताना त्या पुढे आणि मी मागे अशा ओळीने गेलो, ही आपली चूक, असे त्या म्हणाल्या. खांद्याला खांदा लावून जायला हवे होते. दोघींकडे १३० बारच्या वर हवा होती. आम्ही पुन्हा खाली गेलो, या वेळी शेजारी-शेजारी, आणि मी त्यांना तो स्पंज दाखवला.

मंगळवार

लॉगबुकात ४७वी नोंद पूर्ण केली. तळाशी नवी सही आहे, तिरकी आणि बारीक. पुढच्या महिन्यात त्याच तलावाच्या तळाचा कचरा काढण्यासाठी काही जण जमणार आहेत, असे त्यांनी कळवले आहे. तिथे सहा मीटर पाण्यात तासभर काम असते आणि कोण कसे पोहते, गाळ उडवतो की नाही, जोडीदाराकडे किती वेळा वळून पाहतो, हे सगळे त्या तासात दिसते. मी येते म्हणून सांगितले आहे, कारण या बाईंना प्रत्येक वेळी सवड असेलच असे नाही आणि मला आणखी दोन-तीन जोडीदार हवे आहेत.

येत्या रविवारी मात्र समुद्र. भरती-ओहोटीच्या तक्त्यावर सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी प्रवाह थांबतो, म्हणजे साडेसातपर्यंत साहित्य चढवून तयार राहायला हवे. गोड्या पाण्यासाठी काढलेले दोन किलो शिसे परत पट्ट्यात घातले आहे. टॉर्च चार्जिंगला लावला आहे.