जीएचवाला ड्राफ्ट आणि एफवाला ड्राफ्ट

मुरगावहून लोखंडाच्या खनिजाचं जहाज भरून गेलं आणि मागून एक्स्पोर्टरचे पेपर बँकेनं परत केले, कारण काय तर माझा ड्राफ्ट सर्व्हे रिपोर्ट कच्चा आहे. डॉक्युमेंट बघणाऱ्या पोराचा फोन, "सर, बँक म्हणते ड्राफ्ट नको, फायनल द्या." मला आधी कळेचना तो काय बोलतोय.

ड्राफ्ट सर्व्हे म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते भरायच्या आधी आणि नंतर मोजून मालाचं वजन काढणं. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी असे सहा आकडे वाचायचे, तेही होडीत बसून, लाटा वरखाली होत असताना. अंक 10 सेंटिमीटर उंच, त्याची खालची कड धरायची, आणि या साइझच्या जहाजाला एका सेंटिमीटरला 55 टनांच्या आसपास माल. मग पाण्याची घनता, कारण झुआरी नदीचं गोडं पाणी मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे सॅम्पल काढून हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची नळी, लावायचा. ती 1.020 असताना 1.025 धरली तर 60 हजार टन डिस्प्लेसमेंटवर, म्हणजे मालासकट जहाजाच्या एकूण वजनावर, 290 टनांचा घोळ होतो. त्यात बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायच्या पाण्याच्या, टाक्यांचं साउंडिंग, म्हणजे पाण्याची खोली मोजणं, जिथे चीफ ऑफिसरला कायम घाई असते आणि आपण अजिबात करायची नसते.

एवढं सगळं करून अडलं कुठे, तर एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैसे द्यायची हमी) लिहिलेलं जीएचवालं स्पेलिंग, draught, आणि माझ्या रिपोर्टवर एफवालं, draft. शब्द मुळात एकच, ओढणे या अर्थाच्या 'ड्रॉ'शी नातं असलेला. ब्रिटिश लोक जहाजाचा, फटीतून येणाऱ्या गार वाऱ्याचा आणि पिंपातल्या बिअरचा जीएचनं लिहितात, मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट एफनं. अमेरिकन सगळंच एफनं. युनोच्या 1992 च्या कोळसा सर्व्हेच्या कोडवर जीएच आहे, पण जहाजावर जो तो एफच लिहितो. त्याच एलसीत वर 'ड्राफ्ट्स ॲट साइट' म्हणजे हुंडी, तीही एफनं!

एलसीचे कागद तपासताना बँका ज्यावर चालतात त्या आयएसबीपी नावाच्या नियमावलीत स्पष्ट आहे की अर्थ बदलत नसेल तर स्पेलिंगची चूक धरायची नाही, मशीनमध्ये सीएचच्या जागी एसएच पडलं तरी चालतं. बँकेचं म्हणणं, इथे अर्थच बदलतो. आणि तिथेच माझं डोकं अडकलंय, कारण नुसतं शीर्षक वाचणाऱ्याला तो मसुदा वाटणारच. पण खाली सहाही आकडे, घनता, शिक्का, माझी सही, चीफ ऑफिसरची सही, मसुद्यावर एवढं कोण करतं? कुणी खालपर्यंत वाचलंच नाही.

शेवटी आकड्यांना हात न लावता फक्त वरचं स्पेलिंग बदलून दिलं आणि पेपर पास झाले. एक्स्पोर्टरला डिस्क्रेपन्सी फी, म्हणजे कागदांत तफावत निघाल्याचा आकार, बसली ती बसलीच. वजन कसं काढलं, घनता किती मिळाली, यावर बँकेतून एक प्रश्न आला नाही, याचा राग मला स्पेलिंगपेक्षा जास्त आहे.

पुढच्या जहाजाची एलसी आलीये, तिच्यात एफवालं आहे. मी एलसीतलंच टाकणार, आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरात 'फायनल'.