कंबर कुठे घेऊ?

आमच्या टेलरकाकांनी मोबाइल जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ताई, यात कंबर कुठे घेऊ?"

फोटो गुच्ची या इटालियन फॅशन घराण्याच्या २०१२च्या उन्हाळी कलेक्शनमधल्या ड्रेसचा होता. काळा-सोनेरी, खांद्यावरून सरळ खाली उतरलेला. "कंबर घ्यायचीच नाही काका." ते गप्प झाले. ज्याचा जन्म टक्स मारून बायकांना कंबर काढून देण्यात गेला, त्याला असं तोंडावर सांगणं बरं नव्हे.

पण तो हट्ट माझा नव्हे, शंभर वर्षांपूर्वीच्या फ्लॅपर, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या बंडखोर मुलींचा. पहिलं महायुद्ध संपलं, त्यांनी केस कानापर्यंत कापले, कंबर आवळणारी कॉर्सेट फेकली आणि ड्रेसची कंबर नितंबांवर सरकवली. १९२६च्या सुमारास घेर गुडघ्याशी पोचला. मोकळं मोकळं म्हणतात ते हेच! मात्र अंगानं भरलेल्या मुली त्या सरळ झग्यात बसण्यासाठी छाती पट्टीनं आवळून सपाट करत. म्हणजे कंबर सुटली आणि छाती अडकली. हे वाचल्यापासून मला त्या जरा जवळच्या वाटू लागल्या.

सप्टेंबर २०११मध्ये मिलानला डिझायनर फ्रिडा जियानिनी यांनी गुच्चीसाठी हाच काळ पुन्हा काढला. घराण्याची स्थापना १९२१ची, तेव्हा नव्वदीला आजीची पेटी उघडली म्हणायचं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला रॅल्फ लॉरेन यांच्या रॅम्पवरही घंटेसारख्या टोप्या आणि मण्यांचे झगे आले. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी ती कंबर खाली ढकलतंच.

खरी गंमत मण्यांची आहे. फोटोत हे झगे वाऱ्यासारखे दिसतात. मूळचे मात्र तलम शिफॉनवर काचेचे मणी खच्चून भरलेले. हँगरला लावले तर स्वतःच्याच वजनानं खांद्याशी फाटतात, म्हणून संग्रहालयांत ते खणात आडवे निजवून ठेवतात. त्यावरच्या टिकल्या बऱ्याचदा जिलेटिनच्या असत. ओल लागली की विरघळणार, ऊब लागली की आक्रसणार. नाचण्यासाठी शिवलेल्या कपड्याला घामाचं वावडं! आता टिकल्या प्लास्टिकच्या, तेव्हा नाचा खुशाल.

माझी पुतणी सध्या आरी वर्कच्या क्लासला जाते, ब्लाउजच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणून. खाटेसारख्या चौकटीवर ताणलेलं कापड, हातात आकड्याची सुई, सुईच्या टोकावर मणी. टक् करून सुई आत, खालून दोरा वर. तिला फोटो दाखवला तर म्हणाली, "काकू, हे तर आरीच आहे." निम्मं बरोबर होतं. आरीची ही रीत अठराव्या शतकात हिंदुस्थानातून फ्रान्सला गेली. पुढे तिथल्याच लुनेव्हिल गावात ती उलटी फिरवली गेली. मणी आधीच दोऱ्यात ओवून कापडाखाली धरायचे आणि उलट्या बाजूनं टाके घालायचे. काम झपाझप होतं, पण सुलट बाजू कशी दिसतेय ते काम चालू असताना दिसत नाही. पुतणीला ते अजिबात पटलं नाही.

आता वरात परत आली आहे. मोठमोठ्या युरोपीय फॅशन घराण्यांचं बरंचसं भरतकाम मुंबईत केलं जातं. ३० मार्च २०२३ला पॅरिसच्या डिओरनं तर गेटवे ऑफ इंडियासमोरच शो केला, मुंबईच्या चाणक्य या भरतकाम करणाऱ्या संस्थेच्या कारागिरांना सोबत घेऊन. पॅरिसच्या लेबलखालचा मणी भायखळ्याजवळ कुणीतरी मान मोडून लावलेला असू शकतो, हे मला त्या रॅम्पपेक्षा जास्त आवडतं.

माझा ड्रेस साध्या कॉटनचा झाला, मण्यांशिवाय. घालून आरशासमोर उभी राहिले. टेलरकाकांनी दुरून बघितलं, जवळ आले आणि हळूच म्हणाले, "आतून नाडी टाकून ठेवलीय ताई. वाटलं तर बांधा."