सी-६, एच-० : डॅनव्हिलच्या भिंतीवरचा स्कोअर

अमेरिकेतल्या डॅनव्हिलला जाताना जीपीएसमध्ये ‘केंटकी’ हे राज्याचं नावही टाकायला विसरू नका. व्हर्जिनिया आणि इलिनॉयमध्येही डॅनव्हिल आहे. लेक्सिंग्टनहून आम्ही यूएस-२७ महामार्गाने दक्षिणेला निघालो आणि पुढे केंटकी-३४ या रस्त्याला वळलो. अंतर साधारण ५५ किलोमीटर. गाडी भाड्यानेच घ्यावी.

पाहायचं ते सेंटर कॉलेज. १८१९ चं, लहानसं. पांढऱ्या खांबांची ‘ओल्ड सेंटर’ इमारत बघितलीत की ‘सी-६, एच-०’ कुठे रंगवलंय ते कुणालाही विचारा. रसायनशास्त्राचं सूत्र वाटतं, पण तो अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा स्कोअर आहे : सेंटर ६, हार्वर्ड ०. तारीख २९ ऑक्टोबर १९२१.

तेव्हा कॉलेजात विद्यार्थी तीनशेच्या आत. समोर १९२० चा रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलचा मानाचा सामना जिंकलेलं हार्वर्ड. हा चमत्कार नव्हता, काही वर्षांची तयारी होती. माजी विद्यार्थी रॉबर्ट मायर्स यांनी टेक्ससमधल्या फोर्ट वर्थच्या शाळेत शिकवलेले बो मॅकमिलिन, रेड वीव्हर यांच्यासारखे खेळाडू इथे आणले. प्रशिक्षक होते चार्ली मोरन. १९२० मध्ये हाच संघ हार्वर्डकडून ३१-१४ ने हरला होता, पण मध्यंतराला १४-१४ अशी बरोबरी होती. सामन्यानंतर हार्वर्डच्या कर्णधाराने चेंडू देऊ केला, तेव्हा मॅकमिलिनने तो घेतला नाही. पुढच्या वर्षी येऊन जिंकूनच नेऊ, असं सांगितलं.

आणि नेला. तिसरं सत्र सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. मॅकमिलिन चेंडू घेऊन हार्वर्डच्या गोलरेषेपासून ३२ यार्डांवरून सुटला, कडेकडेने धावला आणि रेषा १० यार्डांवर असताना अचानक मैदानाच्या मध्याकडे वळून हार्वर्डच्या दोघांना चुकवत रेषेपलीकडे पडला. ३२ यार्ड म्हणजे क्रिकेटची जवळपास दीड खेळपट्टी. कुठल्याही मैदानावर पावलांनी मोजून बघा, म्हणजे अंगावर येणारी माणसं चुकवत हे अंतर कापणं काय असतं ते कळेल. चेंडू असा रेषेपलीकडे नेण्याला टचडाउन म्हणतात. त्याचे ६ गुण मिळाले, त्यानंतरची एका जादा गुणाची किक हुकली. म्हणून ७ नाही, ६. उरलेला सगळा वेळ तेवढ्यावरच किल्ला लढवायचा होता आणि आमच्या मते त्या दिवसाची खरी कमाई तीच.

त्याच हंगामात त्यांनी ट्रान्सिल्व्हेनिया या केंटकीतल्याच कॉलेजला आधी ९८-० ने हरवलं होतं आणि हार्वर्डनंतर केंटकी विद्यापीठाला ५५-० ने हरवलं. पण २ जानेवारी १९२२ ला डॅलसमध्ये टेक्सस ए अँड एम या कॉलेजच्या संघाने त्यांना २२-१४ ने नमवलं. त्याच सकाळी मॅकमिलिनचं लग्न लागलं होतं.

सामना बघायचा असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा शनिवार धरा आणि कॉलेजचं वेळापत्रक आधी तपासा, कारण अर्धे सामने बाहेरगावी असतात. स्टँडमध्ये फ्रेड व्हिन्सन यांचं तैलचित्र दिसलं तर बिचकू नका. ते इथले माजी विद्यार्थी, पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, १९५३ मध्ये वारले. मुलं अजूनही त्यांना प्रेमाने ‘डेड फ्रेड’ म्हणत सामन्याला घेऊन येतात.